लाइन गेली होती

सोमवार, ३

ऑफिस बंद झाल्यापासून इथे काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं घडत नव्हतं. आज लिहितोय, कारण बऱ्याच दिवसांनी कुणाच्या तरी उपयोगी पडायची संधी आली आहे.

बायको स्पीच थेरपिस्ट आहे. मेंदूला झटका बसून ज्यांची वाचा जाते त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवते. पूर्वी पेशंट दवाखान्यात येत, आता अर्धेअधिक व्हिडिओवर असतात. त्यासाठी तिने मागची खोली घेतली आहे. वायफायचा डबा मात्र पुढच्या खोलीत भिंतीवर आहे आणि मध्ये दोन जाड भिंती आहेत. परवा ती म्हणाली, की पेशंटचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. जो माणूस एकेक शब्द चाचपडत शोधतोय, त्याला कसं शिकवायचं?

मी म्हटलं, मी बघतो. म्हटलं आणि छाती जरा फुगली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. स्वतःच्या घरातल्या दोन भिंती ओलांडायला काय लागतं?

कंपनी म्हणते, डबा जुना झाला, त्याचं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला कारभार चालवणारा प्रोग्रॅम, आता सुधारून मिळणार नाही. पण जगभरातल्या काही हौशी मंडळींनी जुन्या डब्यांसाठी स्वतःचं फर्मवेअर लिहून फुकट ठेवलंय. ते घातलं की सिग्नलची ताकद, कुणाला आधी वाट द्यायची, सगळं आपल्या हातात येतं. म्हणजे बायकोच्या खोलीला राजमार्ग आणि माझ्या क्रिकेटला गल्ली. वाचता वाचता चहा निवला.

बुधवार, ५

सूचना दोनदा वाचल्या. काम सोपं आहे. फाइल उतरवायची, लॅपटॉप वायरने डब्याला जोडायचा, फाइल आत सोडायची आणि तो स्वतः चालू होईपर्यंत हात लावायचा नाही. इशारा एकच आहे, पण तोच सगळीकडे ठळक अक्षरात. एकाच मॉडेलच्या दोन-तीन आवृत्त्या असतात, बाहेरून सारख्या, आतून वेगळ्या. चुकीच्या आवृत्तीची फाइल घातली तर डब्याची वीट होते, म्हणजे तो मरून नुसता ठोकळा उरतो. हा त्यांचाच शब्द. आवृत्ती डब्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर बघायची.

डबा भिंतीला स्क्रूने ठोकलेला आहे. पण माळ्यावर त्याचं खोकं सापडलं आणि त्यावर आवृत्ती छापलेली आहे. काम झालं.

सकाळी मी हे सगळं वाचत असताना बायको उद्याच्या वेळांबद्दल काहीतरी सांगत होती. लिलाववाल्या काकूंचं काहीतरी. मी हं म्हटलं.

ती पेशंटची नावं घरात घेत नाही. त्या त्या माणसाचा धंदा सांगते, तेवढंच. या काकू फुलबाजारात लिलाव पुकारायच्या. म्हणे आवाज असा होता की पलीकडच्या रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. झटक्यानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरला, ‘वीस’. चहा हवा, वीस. डोकं दुखतंय, वीस. नको, नको, नको, तेही वीस. बायको म्हणते, मेंदू असा एखादा शब्द मुठीत धरून बसतो. कित्येक महिने ती त्या मुठीतून दुसरं काही बाहेर काढायच्या मागे आहे.

गुरुवार, ६

घोळ झाला.

दुपारी जेवणं झाली, ती मागच्या खोलीत गेली आणि दार लोटलं. काकूंची वेळ संध्याकाळची असते. म्हटलं, मधल्या वेळात उरकून घेऊ, संध्याकाळी काकूंचा चेहरा तिला आरशासारखा स्वच्छ दिसेल. तोंडावर पाणी मारून बसलो. वायर जोडली. आतून तिचा आवाज येत होता. मी धरून चाललो की ती फोनवर आहे. खरं लिहायचं तर, उठून दार ढकलून विचारणं एवढंच काम होतं. उठलो नाही, कारण विचारलं असतं तर ती ‘आत्ता नको’ म्हणाली असती.

फाइल सोडली. पट्टी भरत गेली, पूर्ण झाली, डबा बंद होऊन चालू झाला. मग एकच नारिंगी दिवा लुकलुकायला लागला आणि पुढे काहीच नाही.

आतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली, हातात मोबाइल, चेहरा पांढरा. दारात उभी राहून तिने माझ्याकडे, टेबलाकडे, डब्याकडे बघितलं. मी पटकन लॅपटॉपचं झाकण पाडलं. माझ्या तोंडून निघालं, “लाइन गेली वाटतं.”

ती मोबाइलवर कुणाचा तरी नंबर लावत गच्चीत गेली, तिथे तरी थोडी रेंज मिळते. बरं झालं, तिचं लक्ष नव्हतं. ती मोबाइलकडेच बघत होती.

परत आल्यावर तिने विचारलं, “तू काही केलंस का?”

“मी काय करणार? कंपनीवाल्यांचं नेहमीचंच आहे.”

आणि खरं वाटावं म्हणून मी तिच्यासमोरच कंपनीला फोन लावला. आवाज चढवला. मागच्या आठवड्यात तुमच्या माणसाने जिन्यात वायर बदलली तेव्हापासूनच गडबड आहे, असं ठोकून दिलं. पलीकडच्या बाईने तक्रार नोंदवली. त्या माणसाचं नाव विचारलं. मी दिलं. बायको तोपर्यंत तिथेच उभी होती. मग आत गेली.

काकूंची आजची वेळ दुपारी घेतली होती. काल सकाळी ती हेच सांगत होती.

शुक्रवार, ७

डबा भिंतीवरून काढला. पाठीवर आवृत्ती वेगळी आहे. आता आठवलं, हा डबा कंपनीने नंतर बदलून दिला होता. खोकं आधीच्या डब्याचं. नवशिक्या पोराने अशी चूक केली असती तर मी त्याला ऑफिसभर हिंडवला असता.

दुपारी नेटवाला आला. चाळिशीतला, गोल चेहऱ्याचा, जिना चढून दमलेला. त्याने जिन्यातली वायर बघितली, जोड उघडले, पुन्हा बांधले. मग वर येऊन डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, की त्या दिवशी पाऊस यायला झाला होता म्हणून जोडावरची टोपी घाईत बसवली, अर्थिंगही तपासलं नाही. वायरीतून झटका आला असणार, त्यानेच डबा गेला.

मी वाट बघत होतो, की आता हा माझ्याकडे रोखून बघेल आणि विचारेल. तो उलट बायकोकडे वळला आणि म्हणाला, “ताई, चूक माझीच आहे. तुमचं काम अडलं.” पिशवीतून स्वतःकडचा जुना डबा काढला, जोडून दिला, पुढच्या व्यवस्थेपर्यंत वापरा म्हणाला. चहाला थांबला नाही.

मी मूग गिळून बसलो. बायको त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ वर आली नाही. खाली कुणाशी तरी फोनवर बोलत होती. कंपनीशीच, कारण ‘तक्रार’ हा शब्द ऐकू आला. म्हणजे ती आणखी जोर लावतेय. त्या माणसाचं काही खरं नाही.

रविवार, ९

त्याच्या डब्यावर नेट चालतंय, मागच्या खोलीत पूर्वीइतकंच अडखळत.

आज बायकोने आपला नियम मोडला आणि काकूंबद्दल जरा जास्त सांगितलं. भाजी चिरत होती, माझ्याकडे न बघता.

काकूंना एकच मुलगी. काकूंना वाटायचं, तिने बाजारात आपल्या जागी उभं राहावं. तिला नर्स व्हायचं होतं. ती निघाली त्या दिवशी काकू भर बाजारात चार लोकांना ऐकवून म्हणाल्या, की मला मुलगी नाही. त्यानंतर मुलगी दुसऱ्या गावीच राहिली. मधून मधून फोन व्हायचा, पण काकूंचा आवाज चढला की मुलगी म्हणायची, आई, लाइन जातेय. आणि फोन बंद.

झटका आल्यावर मुलगी आली, काकू शुद्धीवर यायच्या आत परत गेली. आणि शुद्धीवर आल्यापासून काकूंना एकच वाक्य शिकायचं होतं. हाताने खुणा करून, चित्रांवर बोट ठेवून त्यांनी ते बायकोला समजावलं. दोन शब्दांचं वाक्य. ‘माझं चुकलं.’

गुरुवारी मुलीला दुपारची सुट्टी मिळाली म्हणून बायकोने तिघींची वेळ जमवली होती. काकूंनी सुरुवात केली. ‘माझं’ आला. स्वच्छ आला. आणि पडदा काळा.

“मग लगेच दोघींना फोन नाही केलास?” मी विचारलं.

केला होता म्हणे, गच्चीतून. मुलीने उचलला नाही. काकूंच्या बहिणीने उचलला. बायकोने सांगितलं, आमच्याकडची लाइन गेली. काकूंनी ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. लाइन गेली याचा अर्थ त्या घरात एकच होतो.

तेव्हापासून काकू सेशनला बसत नाहीत. ‘वीस’ सुद्धा बंद.

मी विचारलं, आता काय करायचं? बायकोने सुरी खाली ठेवली. “तू येशील का माझ्याबरोबर? घरात तू होतास. काय झालं ते तू सांगितलंस तर कदाचित पटेल त्यांना.”

मी येतो म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी आणखी काही म्हणणार आहे. मग पुन्हा भाजीला लागली.

मंगळवार, ११

जाऊन आलो. लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

काकू बहिणीकडे राहतात, फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत. खोली लहान, खिडकीजवळ खुर्ची. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. डोळे मात्र असे, की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. बहीण म्हणाली, ताईने आयुष्यभर माणसांचे चेहरेच वाचले. कोण खरं घेणार, कोण उगाच भाव वाढवतोय, ती नाकाकडे बघून सांगायची.

बायकोने मला पुढे केलं. वाटेत मी मनात वाक्यं जुळवली होती. खोटं कमी आणि खरं जास्त दिसेल अशी. म्हटलं, त्या दिवशी आमचा डबा बंद पडला, कंपनीच्या माणसाने वायर नीट जोडली नव्हती, त्याने कबूलही केलंय, तुमच्या मुलीने फोन ठेवला नाही. बोलताना नकळत नाकाला हात गेला.

काकूंनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि डाव्या हाताने खिडकीचा पडदा ओढून घेतला. संपलं.

जिन्यात बहीण हळूच म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका, पण ताईला वाटलं तुम्हाला कुणीतरी पढवून आणलंय.”

म्हणजे आधी नुसती शंका होती, मी तिच्यावर शिक्का मारून आलो. घरी येईपर्यंत बायको माझ्या दोन पावलं मागे चालत राहिली. थकली असेल.

शनिवार, १५

तीन दिवस विटेपाशी बसलो आहे. हौशी मंडळींनी मेलेला डबा उठवायचाही उपाय लिहून ठेवलाय. पाठीमागच्या भोकात सुई दाबून धरायची, तशीच धरून वीज चालू करायची. तेव्हा डबा क्षणभर डोळे किलकिले करतो आणि वायरीतून मिळेल ती फाइल घेतो. तो क्षण साधला पाहिजे. लॅपटॉपला आधीच नेटवर्कवरचा ठरावीक पत्ता देऊन तयार ठेवायचा. मी कधी लवकर, कधी उशिरा. सुईने अंगठ्याला खड्डा पडला.

आज दुपारी घेतली त्याने. दिवे ओळीने हिरवे झाले. या वेळी पाठीवरचं स्टिकर वाचून, तीनदा वाचून, बरोबर फाइल घातली. नवं फर्मवेअर उभं राहिलं. मागच्या खोलीला पहिला मान दिला. बायकोला बोलावून दाखवलं. चित्र स्वच्छ, ओठ आणि आवाज एकत्र.

याच क्षणाची मी दोन आठवडे स्वप्नं बघत होतो. तिने बघितलं, मान हलवली.

“मेलेला होता ना हा डबा? काय केलंस नक्की?”

तिने अगदी शांतपणे विचारलं. मी म्हटलं, “काही नाही. बंद करून चालू केला.”

ती हसली. हसली म्हणजे, हसण्याची जागा होती तिथे ओठ हलले.

सोमवार, १७

नेटवाल्याचा डबा परत करायला कंपनीला फोन केला. दुसराच माणूस आला. विचारलं, आधीचे कुठे आहेत? म्हणाला, त्याला फिरतीवरून काढून डेपोत बसवलंय, वायरी तपासायला. तक्रार मागे घेतली होती म्हणे तुमच्या घरून, दुसऱ्याच दिवशी, बाईंचा फोन आला होता. पण याने स्वतःच साहेबांना लिहून दिलं की चूक माझी. मग साहेब तरी काय करणार?

मी जिन्यातच उभा राहिलो. बायकोने तक्रार मागे घेतली? आणि मला वाटलं ती जोर लावतेय. तिचं मन मोठं आहे हे मला माहीत होतं, पण इतकं? तो माणूस दोषी आहे असं समजूनही तिने त्याला माफ केलं. आणि मी…

डबा त्याच्याबरोबर पाठवला नाही. म्हटलं, मी स्वतः नेऊन देईन. आता तिला सांगितल्याशिवाय चालणार नाही. संध्याकाळी सांगतो.

मंगळवार, १८

काल सांगितलं नाही. आज सांगितलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दुसऱ्या टोकाला चादर धरली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. म्हटलं, “लाइन गेली नव्हती. डबा मी बिघडवला. फर्मवेअर घालताना.”

“हो,” ती म्हणाली. आणि चादरीची तिची कडा माझ्या कडेला आणून लावली.

“तुला माहीत होतं?”

“मी बाहेर आले तेव्हा तू वायर लावून बसला होतास. मला दिसतं रे.”

गेले सगळे दिवस उलटे होऊन समोर आले. तिचा तो प्रश्न, सुरी खाली ठेवणं, ‘काय केलंस नक्की’. म्हटलं, “मग बोलली का नाहीस? एकदा तोंडावर म्हणायचं, की तू केलंस.”

ती पलंगावर बसली. चादरीची घडी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “माणूस शब्द शोधत असला की आपण त्याच्या तोंडात घालायचा नाही. दिवसभर हेच करते मी. जिवावर येतं, शब्द माझ्या जिभेवर असतो, पण थांबते. मी बोलले तर तो माझा शब्द होतो, त्याचा होत नाही. तुझ्यासाठीही थांबले.” आणि थोड्या वेळाने, “चुकलं माझंही. तू माझा पेशंट नाहीस. मी तुझी वाट बघत बसले आणि तिकडे काकू पडदा लावून बसल्या. ते दिवस माझ्यामुळे गेले.”

मला वाटत होतं, सांगितलं की जीव भांड्यात पडेल. पडला नाही. ती आरडाओरडा करेल याची मी तयारी केली होती, ती स्वतःवर घेईल याची केली नव्हती.

गुरुवार, २०

या वेळी एकटा गेलो. बायको म्हणाली, मी आले तर पुन्हा पढवल्यासारखं दिसेल.

बहिणीने दार उघडलं, पण मागे सरली नाही. मी तिला म्हटलं, दोन मिनिटं द्या, नंतर हाकला. आत काकू त्याच खुर्चीत. मी समोर स्टुलावर बसलो, डोळे त्यांच्याकडे ठेवले, ते फार कठीण होतं, आणि सांगितलं. की मागच्या वेळी खोटं बोललो. वायर वगैरे काही नाही. डब्यात नवा प्रोग्रॅम घालायला गेलो, खोक्यावर वाचलं, पाठीवर वाचलं नाही, आतून बायकोचा आवाज येत असूनही विचारलं नाही. डबा बंद पडला आणि तुमचं बोलणं तुटलं. मग भीतीपोटी बायकोशी खोटं बोललो, कंपनीशी खोटं बोललो, एका चांगल्या माणसावर आळ घेतला, आणि तोच आळ घेऊन तुमच्यासमोर येऊन उभा राहिलो.

काकू माझ्याकडे बघत होत्या. नाकाकडे, डोळ्यांकडे, पुन्हा नाकाकडे. मग त्यांचा चेहरा लाल व्हायला लागला. डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला. ओठ वाकडे झाले, ‘व’ आला, गेला, आणि मग पोटातून, पार गल्लीत पोचेल अशा आवाजात आलं, “गाढव!”

बहिणीच्या हातातलं भांडं पडलं. इतक्या महिन्यांत हा शब्द कुणी शिकवला नव्हता.

“गाढव,” काकू पुन्हा म्हणाल्या, आता जरा चव घेत. “गाढव. गाढव.”

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? बहीण तोंडावर पदर धरून हसत होती की रडत होती, कळलं नाही. काकूंनी मग भिंतीवरच्या मोबाइलच्या चार्जरकडे बोट केलं, स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि खिडकीबाहेर लांब कुठेतरी दाखवलं. फोन लावा. मुलीला.

मी म्हटलं, आमच्याकडून लावू, तिघींचा. आता तुटणार नाही.

घरी येऊन बायकोला ‘गाढव’ सांगितलं तर तिने आधी कागदावर टिपून घेतलं, मग विचारलं, किती स्पष्ट? ‘ढ’ आला का? ‘ढ’ कठीण असतो.

रविवार, २३

आज झाला फोन. मी बाहेरच्या खोलीत, डब्यापासून लांब, हात मांडीखाली धरून बसलो होतो. दार बंद होतं. ऐकायचा प्रयत्न केला नाही, असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. पण काही ऐकू आलं नाही.

बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली. तोंड धुतलं, चहा टाकला आणि मग सांगितलं.

काकूंनी दोन्ही शब्द म्हटले. मध्ये मोठा खंड पडला, बायकोने जीभ दाताखाली धरून ठेवली होती. ‘माझं’ आणि मग, बऱ्याच वेळाने, ‘चुकलं’. मग मुलगी रडायला लागली आणि म्हणाली, आई, त्या दिवशी लाइन गेली नव्हती. मीच ठेवला होता फोन. तू ‘माझं’ म्हणालीस आणि मला वाटलं, आता ‘माझं ऐक’ सुरू होणार, पूर्वीसारखं. मी घाबरून लाल बटण दाबलं. मग तुमचे फोन आले ते शरमेने उचलले नाहीत.

“तिचं चित्र आधी गेलं होतं,” बायको म्हणाली. “मला तेव्हाही वाटलं होतं, पण खात्री नव्हती. लगेच सगळंच काळं झालं.”

मी कप खाली ठेवला. म्हणजे काकूंचा संशय पहिल्यापासून खरा होता. म्हणजे मी नसतो तरी ते बोलणं तुटलंच असतं. छातीवरचं काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण बायकोने विचारलं, “सुटलास असं वाटतंय?”

खोटं बोललो नाही. म्हटलं, “क्षणभर वाटलं.”

“वाटू दे. क्षणभर.”

काकू काय म्हणाल्या मुलीला? बायको म्हणाली, जे तुला म्हणाल्या तेच. मग दोघी हसल्या. मुलगी पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून येतेय. कायमची नाही, आठवडाभर. त्यापुढचं त्यांचं त्या बघतील.

मग मी विचारलं, की मी काकूंना जे सांगून आलो, ‘तुमचं बोलणं मी तोडलं’, ते आता खरं की खोटं? ती म्हणाली, “तू तुझं सांगितलंस. तिचं तिने सांगितलं.” आणि कप विसळायला घेऊन गेली.

सोमवार, २४

डेपो गावाबाहेर आहे, लांबलचक पत्र्याची शेड. नेटवाला एका टेबलाशी वायरींच्या वेटोळ्यात बसला होता. त्याने मला ओळखलं, उठून उभा राहिला, आधी विचारलं, “ताईंचं काम सुरू झालं ना?”

मी त्याचा डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगत होतो, तरी सवय झाली नव्हती. तो ऐकताना हातातल्या वायरीची टोकं सोलत राहिला. संपल्यावर म्हणाला, “घरी बायकोला, पोरींना सांगून बसलोय मी, की बाबाच्या हातून चूक झाली. धाकटी म्हणाली, होतं असं, बाबा.” दुसरी वायर उचलून, “तेव्हापासून प्रत्येक जोड दोनदा तपासतो. रात्री स्वप्नात पण टोप्या बसवतो.”

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. मला मागायचं होतं ते मागून झालं होतं, त्याला द्यायचं नसेल तर तो त्याचा हक्क आहे.

“मला सांगून काय उपयोग, साहेब?” तो म्हणाला. रागाने नाही. शेडच्या टोकाच्या काचेच्या केबिनकडे त्याने सोललेल्या वायरीने खूण केली. “तिकडे सांगा.”

केबिनपर्यंत जाताना वाटलं, की आता मागे वळलो तर कुणाला काय कळणार आहे. हेही लिहून ठेवतो. मागे तो पुन्हा कामाला लागला होता, माझ्याकडे बघत नव्हता.

केबिनमध्ये सुपरवायझर बाई कॉम्प्युटरवर टाइप करत होत्या. त्यांनी न बघता खुर्चीकडे हात केला, नवी खिडकी उघडली आणि बोटं की-बोर्डवर ठेवून विचारलं, “तक्रार कुणाबद्दल?”

“माझ्याबद्दल,” मी म्हटलं.

आता त्यांनी वर बघितलं. बोटं तशीच थांबलेली. त्या नुसत्या थांबल्या, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो.